फोटो कुठे गेले? स्टुडिओची बिघडलेली फोटो लायब्ररी दुरुस्त कशी करायची



संध्याकाळची वेळ आहे. उद्या अल्बम प्रेसला पाठवायचाय, परवा नवरीचे वडील येणार. तुम्ही लाइटरूम उघडता, लग्नाच्या फोल्डरवर जाता, तर फोल्डरचं नाव राखाडी झालेलं आणि त्यावर प्रश्नचिन्ह. आत छोटे छोटे फोटो दिसतात, पण प्रत्येकाच्या कोपऱ्यात उद्गारचिन्ह. एडिट करायला गेलं की मूळ फाइल सापडत नाही म्हणून सांगतं. आणि नेमका तेव्हाच फोन येतो, "भाऊ, फोटो झाले ना जी?"

माझ्यासोबत हे झालंय. मूलला दुकान टाकून जेमतेम वर्ष झालं होतं. घाबरून मी काय केलं? सगळे उद्गारचिन्हवाले फोटो सिलेक्ट केले आणि "रिमूव्ह" दाबलं. म्हटलं, यादी साफ करू आणि ड्राइव्हवरून परत घेऊ. फोटो परत आले, सगळेच्या सगळे. पण अकरा दिवस बसून केलेली निवड, कलर करेक्शन, क्रॉपिंग, काहीच राहिलं नाही. फोटो मुळात गेलेच नव्हते! जे शाबूत होतं ते मी स्वतःच्या हाताने पुसलं. म्हणून हा लेख थोडा सविस्तर लिहितोय. व्हिडिओत सगळं घाईघाईत होतं, इथे शांतपणे वाचा.

वही वेगळी, गोदाम वेगळं

किराणा दुकानाचं उदाहरण घ्या. गोदामात पोती आहेत आणि गल्ल्यावर एक वही आहे. वहीत लिहिलंय, तांदूळ, डाव्या भिंतीला, तिसरी रांग. कोणी पोतं उचलून उजवीकडे ठेवलं तर तांदूळ संपला का? नाही. वही चुकली, एवढंच.

लाइटरूम क्लासिक अशीच वही आहे. तिला कॅटलॉग म्हणतात. फोटो तिच्यात नसतोच. तिच्यात असतो फोटोचा पत्ता, म्हणजे कोणता ड्राइव्ह, कोणता फोल्डर, फाइलचं नाव काय. त्यासोबत तुम्ही केलेलं सगळं एडिटिंग आणि दिलेले स्टार. स्क्रीनवर दिसतं ते बाजूच्या फोल्डरमध्ये साठवलेलं प्रीव्ह्यू. म्हणून मूळ फाइल नसली तरी चेहरा दिसत राहतो आणि आपण गोंधळतो. फुकट मिळणारं डिजिकॅम सॉफ्टवेअरही मुळात याच तत्त्वावर चालतं.

वहीची किंमत समजून घ्यायची तर आपल्या ताडोबाकडे बघा. २०१८ च्या अखिल भारतीय व्याघ्रगणनेत देशभरात २६,८३८ ठिकाणी कॅमेरा ट्रॅप लावले होते. फोटो मिळाले ३ कोटी ४८ लाख ५८ हजार ६२३. त्यात वाघाचे फक्त ७६,६५१. म्हणजे हजार फोटोंत दोन! बाकी चितळ, रानडुक्कर, गुराखी, हलणारं गवत. वाघाच्या दोन्ही अंगांवरचे पट्टे वेगळे असतात, म्हणून एका ठिकाणी समोरासमोर दोन कॅमेरे लावतात. आता विचार करा, फोटो सुंदर आहे, पण कोणत्या कॅमेऱ्याचा, कोणत्या तारखेचा, हेच माहीत नाही. गणनेसाठी तो फोटो काय कामाचा? तिथे वही आणि फोटो दोन्ही लागतात. आपल्या स्टुडिओतही तसंच आहे.

पहिला अर्धा तास: काहीही दाबायचं नाही

लायब्ररीत फोटो "मिसिंग" दिसले की तीन गोष्टी करायच्या नाहीत. "रिमूव्ह" दाबायचं नाही. "सिंक्रोनाइझ फोल्डर" चालवायचं नाही, कारण त्यात गायब फोटो कॅटलॉगमधून काढून टाकण्याची टिक असते आणि घाईत ती राहून जाते. आणि तिसरं, त्या ड्राइव्हवर नवीन काहीही कॉपी करायचं नाही. कॅमेऱ्याच्या कार्डाचंही तसंच, ते काढून बाजूला ठेवा, त्यावर पुढचं शूट करू नका.

मग कॅटलॉगची फाइल कॉपी करून दुसरीकडे ठेवा. लाइटरूम बंद करून मगच कॉपी करा. आता पुढे काहीही चुकलं तरी या जागेपर्यंत परत येता येतं. लाइटरूम बंद करताना "बॅकअप घेऊ का" म्हणून विचारतं ना, तिथे मी वर्षभर "स्किप" दाबत होतो. तुम्ही दाबू नका. एडिटिंग चुकून पुसलं गेलं तर तोच बॅकअप कामी येतो.

बहुतेक वेळा ड्राइव्हचं अक्षर बदललेलं असतं

माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या लायब्ररींत हेच कारण सगळ्यात जास्त सापडतं. विंडोज प्रत्येक ड्राइव्हला एक अक्षर देतं. काल तुमचा एक्स्टर्नल ड्राइव्ह "एफ" होता. आज सकाळी आधी ग्राहकाचा पेन ड्राइव्ह लावला, त्याने "एफ" घेतलं, मग तुमचा ड्राइव्ह "जी" झाला. वहीत अजून "एफ"च लिहिलेलं. झाले सगळे फोटो गायब.

उपाय दोन मिनिटांचा. स्टार्टवर राइट क्लिक करून "डिस्क मॅनेजमेंट" उघडा, आपल्या ड्राइव्हवर राइट क्लिक, "चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स", आणि जुनं अक्षर परत द्या. ते अक्षर पेन ड्राइव्हने अडवलं असेल तर आधी पेन ड्राइव्ह काढा. विंडोज ज्यात आहे त्या "सी" ड्राइव्हला मात्र हात लावायचा नाही. लाइटरूम परत उघडलं की प्रश्नचिन्हं गेलेली असतात. माझी एक सवय सांगतो. फोटोंच्या ड्राइव्हला मी वर्णमालेच्या शेवटाकडचं अक्षर देतो, "पी" किंवा "एक्स". पेन ड्राइव्ह येऊन जाऊन तिथपर्यंत पोहोचत नाहीत. डिजिकॅम वापरत असाल तर संग्रह जोडताना तो काढता येणाऱ्या ड्राइव्हवर आहे असंच नोंदवा.

अक्षर बरोबर आहे, तरी प्रश्नचिन्ह? मग फोल्डर कोणीतरी हलवलाय किंवा त्याचं नाव बदललंय. "कोणीतरी" म्हणजे बहुतेक आपणच, जागा करताना. किंवा दुकानातल्या मुलाने "लग्न नवीन" चं "लग्न फायनल" केलेलं असतं. विंडोजच्या सर्चमध्ये एका फोटोचं पूर्ण फाइलनाव टाकून शोधा. सापडलं की लाइटरूममध्ये त्या फोल्डरवर राइट क्लिक, "फाइंड मिसिंग फोल्डर", आणि नवी जागा दाखवा. फोटो वेगवेगळ्या ठिकाणी विखुरले असतील तर एका फोटोच्या उद्गारचिन्हावर क्लिक करून "लोकेट" करा आणि खाली "फाइंड निअरबाय मिसिंग फोटोज" ला टिक ठेवा. एक दाखवला की त्या फोल्डरमधले बाकीचे तो स्वतः जोडून घेतो.

फाइलींची नावंच एकगठ्ठा बदलली असतील तर हे चालत नाही. शेकडो फोटो एकेक करून कोण दाखवत बसेल? अशा वेळी नावं परत जुनी करणं सोपं पडतं. फोटोच्या आत तो काढल्याची तारीख, वेळ, सेकंद लिहिलेले असतात, कॅटलॉगमध्येही तेच असतं. दोन्ही वेळेच्या क्रमाने लावून जुळवायचं. एक्झिफटूल नावाचं फुकट साधन यासाठी भारी आहे, थोडं शिकावं लागतं. सेकंदही सारखा असलेले फोटो मात्र डोळ्याने तपासा, बर्स्टमध्ये काढलेले तसेच असतात.

फोल्डर आहे, आत काही नाही

इथे दोन गोष्टी असू शकतात. एक म्हणजे व्हायरस. झेरॉक्सच्या दुकानातून किंवा लग्नघरच्या लॅपटॉपवरून फिरून आलेल्या पेन ड्राइव्हने हा लागतो. फाइली तिथेच असतात, पण लपवलेल्या, आणि त्यांच्या जागी शॉर्टकट दिसतात. ओळखायचं कसं? ड्राइव्हच्या प्रॉपर्टीज बघा. आत काही दिसत नाही, पण २०० जीबी वापरलेले दाखवतो, म्हणजे माल आत आहे. शॉर्टकटवर क्लिक करू नका. आधी अँटीव्हायरसने साफ करा. मग फोल्डर ऑप्शन्समध्ये लपलेल्या फाइली दाखवा हे चालू करा आणि "हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स" ची टिक काढा. हा व्हायरस फाइलींना सिस्टिम फाइलचा शिक्का मारतो, म्हणून नुसतं पहिलं करून भागत नाही.

दुसरी शक्यता, फाइली खरंच डिलीट झाल्या किंवा ड्राइव्ह फॉर्मॅट झाला. साध्या हार्ड डिस्कवर आणि मेमरी कार्डावर डिलीट म्हणजे बहुतेक वेळा नुसती नोंद पुसणं. ती जागा नवीन डेटाने भरेपर्यंत फोटो आत असतो. फोटोरेक हे फुकट सॉफ्टवेअर अशी जागा चाळून फोटो बाहेर काढतं. दोन गोष्टी लक्षात ठेवा. काढलेले फोटो नेहमी दुसऱ्या ड्राइव्हवर साठवायचे, त्याच ड्राइव्हवर नाही. आणि फोटोरेक जुनी नावं व फोल्डर देत नाही. हजारो फाइली अनोळखी नंबरांनी येतात, मग वर सांगितलेली तारीख-वेळेची जुळवाजुळव करावी लागते. कंटाळवाणं काम आहे, पण होतं. एसएसडीवर मात्र आशा फार ठेवू नका, डिलीट झालेली जागा ती स्वतःच मोकळी करून टाकते.

ड्राइव्हमधून टकटक आवाज येतोय? लगेच बंद करा. कोणतंही सॉफ्टवेअर चालवू नका, फ्रीजमध्ये ठेवायचे घरगुती प्रयोग तर अजिबात नाही. ते डेटा रिकव्हरी लॅबचं काम आहे, नागपूरपर्यंत जावं लागेल आणि खर्च हजारोंत येईल. ग्राहकाचे फोटो त्या किमतीचे आहेत का, हे तुम्ही ठरवायचं.

एक कारण लोकांच्या लक्षातच येत नाही. दोन कॅमेरे, एकाच कंपनीचे. दोघांच्याही फाइली त्याच नावाच्या. एका फोल्डरमध्ये दोन्ही कार्डं ओतताना विंडोज विचारतं, "रिप्लेस करू का?" आणि झोपेत असलेला माणूस हो म्हणतो. हळद एकाच कॅमेऱ्याची उरते. एकच कॅमेरा असला तरी ९९९९ नंतर नंबर परत एकपासून सुरू होतो, हे विसरू नका. प्रत्येक कार्डाला वेगळा फोल्डर, आणि आत घेतानाच नाव बदलायचं, आधी तारीख, मग ग्राहकाचा कोड, मग कॅमेऱ्याचं अक्षर, मग नंबर.

काहीच सापडलं नाही तर

तरी हात टेकू नका. रिकव्हरीच्या आधीच खरं तर हे बघायला पाहिजे. अल्बम डिझाइनरकडे पानांच्या लेयरवाल्या फाइली असतात, त्यात तुमचे निवडलेले फोटो बसलेले असतात. प्रेसकडे शेवटच्या जेपीजी काही दिवस पडून असतात, आजच फोन करा. व्हिडिओवाल्याने स्लाइड शोसाठी फोटो घेतले होते का? ग्राहकाला पेन ड्राइव्ह दिला होता का? व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेली कॉपी लहान झालेली असते, तिच्यातली तारीखही गेलेली असते, पण डॉक्युमेंट म्हणून पाठवली असेल तर ती मूळ फाइल आहे.

शेवटचा आधार म्हणजे लाइटरूमचे स्मार्ट प्रीव्ह्यू. ते बनवलेले असतील तर मूळ फाइल नसतानाही फोटो बाहेर काढता येतो, लांब बाजू साधारण अडीच हजार पिक्सेल. हिशोब करा. ८ इंचांच्या प्रिंटला तीनशे डीपीआय मिळतं, म्हणजे एकदम ठीक. १२ इंचांना दोनशे, चालून जातं. पण करिझ्मा अल्बमचं १८ इंचांचं पूर्ण पान भरायचं म्हटलं तर जेमतेम एकशेचाळीस, मऊ दिसणार. मग डिझाइन बदला, त्या पानावर एकाऐवजी चार लहान फोटो लावा. ग्राहकाला अल्बम पाहिजे असतो, पिक्सेल मोजत कोणी बसत नाही.

फोटो अर्धा दिसून खाली राखाडी पट्टा येत असेल तर ती फाइल फुटलेली आहे. रॉ फाइल असेल तर तिच्या पोटात एक तयार जेपीजी असते, एक्झिफटूलने ती वेगळी काढता येते. फाइल शून्य केबीची असेल तर सोडून द्या.

दुरुस्ती झाल्यावर लायब्ररी मेनूत "फाइंड ऑल मिसिंग फोटोज" चालवा. जे उरले त्यांची यादी समोर येते. ती वहीत लिहा, किती, कोणत्या कार्यक्रमाचे. त्यानंतरच, आणि ग्राहकाशी बोलून झाल्यावरच, "रिमूव्ह" चा विचार करा.

ग्राहकाला कधी सांगायचं

त्याच दिवशी. हे मी नुकसान सोसून शिकलोय. "लाइट गेली होती", "प्रेसवाल्याने उशीर केला" असं म्हणत आठ दिवस काढले तर तोवर नवरीच्या मावशीने फोन बदललेला असतो आणि तिच्याकडचे फोटोही गेलेले असतात. लवकर सांगितलं तर नातेवाइकांकडून फोटो गोळा करायला ग्राहक स्वतः मदत करतो. रागावतो, ते ऐकून घ्यायचं. किती फोटो आहेत, किती नाहीत, त्याबदल्यात तुम्ही काय देताय, हे आकड्यात सांगा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे आपलं काम ही सेवा आहे आणि सेवेत त्रुटी राहिली तर ग्राहक जिल्हा आयोगाकडे जाऊ शकतो. बुकिंगच्या पावतीवर डेटा किती महिने सांभाळणार ते छापा. माझ्या पावतीवर अल्बम दिल्यापासून सहा महिने लिहिलंय, आणि देताना तोंडाने पण सांगतो.

कारण काही फोटो परत काढता येत नाहीत. वडील पुढच्या वर्षी नसतात. झाडीपट्टीतले नाटकवाले दिवाळीनंतर सीझन लागला की वडशाहून फोन करतात, "दहा वर्षांआधीचा तो पोस्टरचा फोटो आहे का जी?" ताडोबाची माया वाघीण ऑगस्ट २०२३ नंतर दिसली नाही. नोव्हेंबरमध्ये जंगलात अवशेष सापडले, आणि डीएनए तपासणीनंतर ते तिचेच असल्याचं वनविभागाने सांगितलं. तिचे फोटो ज्यांच्या ड्राइव्हवर होते त्यांच्यासाठी तो ड्राइव्ह आता काय आहे, विचार करा.

हीच दुरुस्ती सेवा म्हणून विकताही येते. तालुक्याच्या गावात दहा-बारा स्टुडिओ असतात, आणि हे काम जमणारा सहसा एखादाच. तपासणीचे पैसे वेगळे घ्या, काम झालं तर वेगळे. "सगळे काढून देतो" असं कधीच म्हणू नका. आणि दुसऱ्याच्या घरचे फोटो तुमच्या मशीनवर राहतात, काम दिल्यावर त्याच्यासमोर पुसा.

दुसरी कॉपी कुठे ठेवायची

तीन कॉप्या, दोन प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या जागी, हा नियम पीटर क्रोग नावाच्या फोटोग्राफरने लोकप्रिय केला. लोक म्हणतात क्लाउडवर टाका. एका लग्नाचा ६४ जीबी डेटा आणि अपलोडचा वेग ५ एमबीपीएस धरला तर सलग अठ्ठावीस तास लागतात. भामरागड-एटापल्लीकडे तर हा विचारच सोडा, पावसाळ्यात पर्लकोटा चढली की भामरागडचा रस्ताच बंद होतो. म्हणून क्लाउडवर फक्त कॅटलॉग आणि निवडलेल्या जेपीजी टाका. पूर्ण डेटाचा दुसरा ड्राइव्ह भावाकडे किंवा सासरी ठेवा, पण त्याच नदीकाठच्या गावात नको. आणि पत्र्याखालच्या कपाटात नको, आपल्याकडे मे महिन्यात पारा ४६-४७ ला जातो. लाइटरूमच्या कॅटलॉग सेटिंग्जमध्ये बदल एक्सएमपीत आपोआप लिहायची टिक चालू करा, म्हणजे एडिटिंग फोटोसोबतच राहतं. कलेक्शन त्यात येत नाहीत, त्यासाठी कॅटलॉगचाच बॅकअप लागतो.

आणि बॅकअप उघडून बघा. १९९८ मध्ये पिक्सार कंपनीत "टॉय स्टोरी २" चं काम चालू असताना कोणीतरी चुकीची कमांड दिली आणि सिनेमाच्या फाइली भराभर पुसल्या जाऊ लागल्या. बॅकअप घेतला जात होता, पण तो नीट होत नव्हता हे तेव्हाच कळलं. सिनेमा वाचला तो गॅलिन सुसमन यांच्यामुळे. बाळ झाल्यामुळे त्या घरून काम करत होत्या आणि त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरवर एक कॉपी होती.

मी महिन्याच्या पहिल्या सोमवारी, दुकान उघडायच्या आधी, बॅकअप ड्राइव्ह लावतो. तीन वेगवेगळ्या लग्नांतले तीन फोटो उघडून शंभर टक्के झूम करतो आणि तारीख ड्राइव्हवर चिकटवलेल्या पट्टीवर लिहितो. पुढच्या व्हिडिओत ती पट्टी आणि फाइलनावाचा तक्ता दाखवतो, तोवर तुमच्या ड्राइव्हचं अक्षर कोणतं आहे ते बघून ठेवा.